खुराडे पाहावे बांधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जे आपल्याकडील जुनी माणसे सांगून गेली, त्याचा अर्थ, पदरची पुंजी आणि मनाची स्वस्थता या दोहोंचा एकदमच निकाल लावावयाचा असेल तर एवढे दोनच राजमार्ग मनुष्यास उपलब्ध आहेत, असा आम्ही आजवर लावीत आलो होतो. आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चाकरीत सरकारी इमारतींची, व घरी कन्येच्या विवाहाची, अशी दोन्ही प्रकारची अंदाजपत्रके डोळ्यांदेखत कोलमडलेली पाहिली असल्यामुळे, आता पाहावयाचे म्हणून काही शिल्लक उरले नाही, अशा समाधानात निवृत्तिवेतनाचा उपभोग घेत होतो. परंतु जुन्या माणसांच्या त्या यादीत खुराड्याचे कलम घालावयाचे राहून गेले होते. त्यांचाही त्यात दोष नाही. त्यांच्या काळी खुराडे कोणी बांधीत नसे, ते असे. परसात डालगे उपडे घालून त्यावर फुटक्या पाट्याचा तुकडा ठेवला, किंवा ओट्याच्या पायरीखालील कोनाड्याला एक फळी आडवी लावली, की कोंबडीच्या निवासाची तजवीज झाली. ती फळी सागाची की फणसाची, याची चौकशी मालकाने कधी केली नाही आणि कोंबडीनेही नाही.

ही चौकशी आमच्या कानी प्रथम पडली ती बॉबलिंगेन येथे. बॉबलिंगेन हे जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातील, स्टुटगार्टच्या नैर्ऋत्येस वसलेले, सुमारे 50 हजार वस्तीचे जिल्ह्याचे ठिकाण असून, गावात दोन तळी, टेकडीवर एक चर्च आणि रस्त्यावर अगणित मोटारी आहेत. शेजारच्या झिंडेलफिंगेन गावी 1915 पासून मोटारींचा बडा कारखाना आहे, गावात संगणकवाल्या बड्या कंपन्यांची बस्ताने आहेत, आणि स्टुटगार्ट व मुंबई या नगरींचे 1968 पासून भगिनीत्वाचे नाते आहे. तेव्हा पुण्या-चाकणकडील होतकरू अभियंते या मुलुखात येऊन स्थिरावले, गणपती बसवू लागले, आणि येथील डाळीला शिजण्यास किती शिट्ट्या लागतात याविषयी एकमेकांस सल्ले देऊ लागले, यात नवल नाही. आमचे जावईबापू त्यांपैकीच एक. घरामागे हातरुमालाएवढी बाग, बागेला कुंपण, आणि कुंपणापलीकडे शेजारी, असा त्यांचा संसार. त्या बागेत चार कोंबड्या पाळाव्यात, असा ठराव कन्येने मांडला, नातवाने त्यास अनुमोदन दिले, आणि आम्ही उभयता उन्हाळ्यापुरते तेथे मुक्कामास असल्याकारणाने आमचे मत विचारण्याचा शिष्टाचारही पाळण्यात आला.

कोंबडी पाळणे म्हणजे काय, तर दाणे टाकावे आणि अंडी उचलावी, अशी ज्यांची कल्पना असेल त्यांनी जर्मन दप्तर पाहिलेले नाही. येथे एक कोंबडी पाळावयाची म्हटली तरी पशुवैद्यक खात्याकडे तिची रीतसर नोंद करावी लागते. कोंबड्यांच्या मानमोडीवर, म्हणजे जिला आपल्याकडे राणीखेत म्हणतात त्या रोगावर, लस टोचणे अगर पाजणे कायद्याने सक्तीचे आहे. आणि लशीची कुपी शेकडो कोंबड्यांच्या हिशेबाने भरलेली येत असल्यामुळे, चार कोंबड्यांच्या धन्यास एक तर पक्षिपालकांच्या मंडळाचे सभासद व्हावे लागते किंवा उरलेली लस परमेश्वरार्पण करावी लागते. कोंबड्याचा प्रश्न तर त्याहून नाजूक. त्याच्या आरवण्यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत कज्जे उभे राहतात, ते न्यायालयापर्यंत जातात, आणि रात्रभर कोंबडा अंधाऱ्या, आवाज बाहेर न सोडणाऱ्या खोलीत कोंडून ठेवावा, असे हुकूमनामे मुनसफांनी आजवर दिलेले आहेत. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे आपल्या पाटलास ठाऊक असलेले सत्य त्या मुनसफांसही ठाऊक असावे. फक्त तांबडे फुटले तरी ते शेजाऱ्यास कळता कामा नये, एवढाच त्यांचा आग्रह. जावईबापूंनी कोंबड्याचे नाव यादीतून तत्काळ खोडले.

बांधकामाच्या परवानगीचा मुद्दा निघाला तेव्हा मात्र आमच्या अंगी जुने बळ संचारले. पण या राज्याच्या इमारत-कायद्यात गावठाणाच्या हद्दीतील जी इमारत 40 घनमीटरांच्या आत आहे, जिच्यात मनुष्याच्या वास्तव्याची खोली, शौचकूप अथवा चूल नाही, आणि जी विक्रीच्या वा प्रदर्शनाच्या कामी येत नाही, तिला परवानगीची जरुरी नाही, असे कलम निघाले. आम्ही कागदावर हिशेब मांडला. गिरगावातील ज्या चाळीत आमचे बालपण गेले तेथील खोली दहा बाय बारा फुटांची व दहा फूट उंचीची, म्हणजे 1200 घनफूट, म्हणजेच सुमारे 34 घनमीटर होती. अर्थात आमचे आईवडील, आजी, एक विधवा आत्या आणि आम्ही भावंडे ज्या जागेत लहानाचे मोठे झालो, ती जागा येथे कोंबड्यांसाठी विनापरवाना बांधता येईल, वर सहा घनमीटर शिल्लक राहतील, आणि कायद्याची अडचण पडलीच तर शौचकूप गॅलरीच्या टोकाला असल्यामुळे त्याबाबत पडणार नाही, केवळ आईच्या शेगडीबाबत पडेल. या शोधाने कन्या हसली. आम्हाला मात्र आत्याची आठवण होऊन क्षणभर हसू आले नाही.

आकाराचा प्रश्न असा निकालात निघाल्यावर उरला तो भिंतीचा. भिंत कशाची करावी?

पक्ष्याच्या घराची भिंत कशाची असावी, या विषयावर मराठी मनुष्य बोलण्यास जन्मतःच अधिकारी आहे. इतर देशांतील मुलांना पहिली गोष्ट कशाची सांगतात कोण जाणे, परंतु आपल्याकडे मूल मान धरू लागले न लागले तोच त्याला चिमणी-कावळ्याच्या निमित्ताने बांधकाम-साहित्याचा तौलनिक अभ्यास घडविला जातो: एका पक्ष्याचे घर शेणाचे, दुसऱ्याचे मेणाचे, मुसळधार पावसाची कसोटी, आणि निष्कर्ष. आमच्या नातवाने तोच निष्कर्ष प्रमाण मानून मेणाच्या भिंतीची सूचना केली. तिच्यावर जावईबापूंनी गांभीर्याने विचार करून, मेण साठ-पासष्ट अंशांच्या आसपास वितळते, तेव्हा येथील उन्हाळ्यात ते उभे राहील, परंतु पन्नास अंशांच्या आतच मऊ पडून भिंत पोक काढील, असा अहवाल दिला. चिमणीने हा विचार केला नव्हता, याचे कारण त्या गोष्टीत उन्हाळा येत नाही. परीक्षक जो ऋतू निवडील त्यावर साहित्याची गुणवत्ता ठरते, हे तत्त्व आम्ही खात्यात पुष्कळ वेळा अनुभविले आहे. पावसाळ्यापूर्वी मोजमाप पुस्तिकेत नोंदलेला रस्ता आणि पावसाळ्यानंतरचा रस्ता हे दोन भिन्न रस्ते असतात.

जावईबापूंची स्वतःची पद्धत तक्त्याची. त्यांनी संगणकावर उभे-आडवे रकाने पाडून एका बाजूस भिंतीच्या साहित्यांची नावे व दुसऱ्या बाजूस किंमत, वजन, आयुष्य, उष्णतारोधन, धुण्याची सोय, पुनर्वापर, असे गुण मांडले आणि प्रत्येकास भारांक दिले. स्प्रूसची फळी स्वस्त, परंतु रंगरोगण न केल्यास पाऊस पिऊन कुजणारी. लार्चची महाग, परंतु अंगच्या राळेमुळे उघड्यावर वर्षानुवर्षे टिकणारी, फक्त वयोमानाप्रमाणे करडी पडणारी. लाकडाचे कपटे दाबून केलेले तक्ते काटकोनात अचूक, पण कडेने पाणी शिरल्यास फुगणारे. या तक्त्यात उष्णतारोधनाला त्यांनी सर्वाधिक भार दिला होता, कारण जानेवारीत येथे पारा शून्याखाली उतरतो आणि त्यांना स्वतःला थंडी सोसत नाही. कोंबडीच्या अंगाचे तापमान 41 अंश असते, तिने पिसांचा दुहेरी दुलईवजा अंगरखा निसर्गतःच परिधान केलेला असतो, आणि कोरड्या थंडीचे तिला विशेष काही वाटत नाही, ही माहिती त्या तक्त्यात नव्हती. कारण तिला रकाना नव्हता.

फुकटच्या लाकडाचा मार्ग कन्येने सुचविला. कारखान्यांच्या दारांत मालाखालच्या लाकडी चौकटी पडलेल्या असतात, त्या सोडवून फळ्या काढाव्या. परंतु येथे फुकट वस्तूलाही कुळी असते. चौकटीवर जो शिक्का भाजलेला असतो त्यात एचटी ही अक्षरे असली तर ते लाकूड नुसते तापवून निर्जंतुक केलेले, आणि एमबी असली तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. पहिले घ्यावे, दुसऱ्याच्या वाटेस जाऊ नये. त्याहूनही आश्चर्य म्हणजे टाकाऊ लाकडाविषयी या देशात 2003 पासून एक स्वतंत्र नियमावली अंमलात असून तिने जुन्या लाकडाचे चार वर्ग पाडले आहेत: पहिला निव्वळ नैसर्गिक लाकडाचा, दुसरा डिंक-रंग लागलेल्याचा, तिसरा प्लास्टिकसदृश क्लोरीनयुक्त लेप चढलेल्याचा, आणि चौथा कीडनाशके मुरविलेल्याचा, ज्यात रेल्वेचे जुने स्लीपर मोडतात. वर्णव्यवस्थेवरील टीका ऐकून घेण्यासाठी ज्या देशांत आपले लोक जातात तेथे लाकडाचे चातुर्वर्ण्य शाबूत असलेले पाहून आमची करमणूक झाली. शिवाय येथेही लेप एकदा लागला की वरच्या वर्गात परत जाता येत नाही.

प्लायवूडचा पक्ष आम्हास स्थानिक इतिहासाच्या आधारे काही काळ प्रबळ वाटला. बॉबलिंगेनात 1925 साली वुर्टेम्बर्गचा विमानतळ झाला, आणि त्याच्या काठी हान्स क्लेम नावाच्या अभियंत्याने 1926 मध्ये हलक्या विमानांचा कारखाना काढला. ही विमाने लाकडाची आणि प्लायवूडची असत. क्लेमच्या अशाच एका वीस अश्वशक्तीच्या विमानातून कोनिग-वार्टहाउझेन नावाच्या तरुण सरदारपुत्राने 1928-29 मध्ये, मधले महासागर आगबोटीने ओलांडून, पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या फेरीत तो आपल्या हिंदुस्थानातूनही गेला. ज्या गावच्या प्लायवूडने मनुष्यास हवेत धरून ठेवले, त्या गावात धड उडता न येणाऱ्या पक्ष्यास जमिनीवर धरून ठेवण्यास प्लायवूड असमर्थ ठरेल, असे मानणे आम्हास कृतघ्नपणाचे वाटले. विमानतळ कधीच उठला. त्या मैदानावर आता घरे, कचेऱ्या आणि जुन्या मोटारींचे दालन आहे. परंतु तपकिरी, गुळगुळीत लेपाचे, मालमोटारींच्या तळाला घालतात ते प्लायवूड बाजारात मिळते, आणि त्याचा एक तुकडा जावईबापूंनी नमुन्यादाखल आणून दिवाणखान्यात ठेवला, तो पुढे बराच काळ चहाचे तबक ठेवण्याच्या कामी आला.

याच सुमारास आमच्या सौभाग्यवतींनी आपले मत नोंदविले. त्या राजापूर तालुक्याच्या. "जावईबापू, उगाच बाजार कशाला धुंडाळता?" त्या म्हणाल्या, "कुडाची भिंत घाला. कारवीच्या काठ्या विणायच्या, माती नि शेण लिंपायचं. आत ना उकडत, ना गारठत. आमच्या गोठ्याला अशीच होती." कारवी येथे मिळत नाही, आणि शेणासाठी येथील शेतकऱ्याच्या दारी पाटी घेऊन उभे राहण्याइतके जर्मन आमच्यापैकी कोणासही येत नाही, या दोन व्यावहारिक हरकती मांडून सूचना दप्तरदाखल होण्याच्या बेतात होती, परंतु पुढल्या रविवारी जुन्या गावात फिरावयास गेलो असता, काळ्या लाकडी चौकटींच्या नि पांढऱ्या चौकोनांच्या ज्या घरांची छायाचित्रे पाहुणे मोठ्या भक्तीने काढतात, त्यांपैकी एकासमोर सौभाग्यवती थबकल्या. चौकटींमधले पांढरे चौकोन कशाचे, याची चौकशी केली तेव्हा कळले, की जुन्या पद्धतीत लाकडी सांगाड्यात काठ्या उभ्या ठोकून त्यांत लवचिक फोकाट्या विणीत, वरून गवताचे तूस कालविलेली चिखलमाती दोन्ही अंगांनी थापीत, आणि चुन्याचा हात देत. "म्हणजे कूडच की!" एवढेच बोलून त्या पुढे चालू लागल्या, आणि त्या दिवसापासून बॉबलिंगेनविषयी त्यांच्या मनात जो आपलेपणा उत्पन्न झाला तो मोटारींच्या कारखान्याने कधी उत्पन्न केला नव्हता.

त्या घरांपैकी एकात जर्मनीचे खाटिक-संग्रहालय आहे, ही बातमी कोंबड्या येईपर्यंत गुप्त ठेवण्याचे आमच्यात ठरले. दुसरे एक संग्रहालय तेथून जवळच, धान्याचा दशमांश साठविण्याच्या जुन्या कोठारात आहे, आणि ते शेतकऱ्यांच्या बंडाचे आहे. 12 मे 1525 रोजी बॉबलिंगेनच्या शिवारात वुर्टेम्बर्गच्या शेतकऱ्यांच्या फौजेचा सरदारांच्या फौजेने फडशा पाडला. त्या काळी जमीनदाराचा जो कूळ-दास असे त्याला आपल्या दास्याची खूण म्हणून दरसाल एक कोंबडी, बहुधा आपल्या शिमग्याच्या सुमारास, धन्याकडे भरावी लागे. काही गावांच्या जुन्या वहिवाटीत अशी एक सवलत होती, की घरात बाळंतीण असेल तर वसुली-कामगाराने कोंबडीचे मुंडके तेवढे मोडून न्यावे आणि धड बाळंतिणीच्या पथ्यासाठी परत द्यावे. वसूल तर रुजू झाला पाहिजे आणि बाळंतिणीच्या तोंडचा घास तर निघता कामा नये, या पेचातून मुंडक्याचा पावती म्हणून उपयोग करण्याची जी तोड त्या अनामिक कारकुनाने काढली, तिच्यापुढे आमच्या खात्यातील भलेभले हिशेबनीस हात टेकतील. दौऱ्यावर आलेल्या साहेबासाठी गावकामगाराने कोंबडी हजर करावी, हा आमच्या लहानपणीचा शिरस्ता आम्हास आठवला. त्यात मात्र धड साहेबाकडे जात असे.

आमचे स्वतःचे मत विटेच्या बाजूचे होते व आहे. पहिल्या वर्गाची भाजलेली वीट, जोत्यापर्यंत दगडी काम, आतून गिलावा, असे पक्के बांधकाम एकदा झाले की पन्नास वर्षे कोणी त्याकडे पाहावयास नको, आणि सरकारी नोकराची दृष्टी पन्नास वर्षे न पाहण्याकडे स्वभावतःच असते. विटेस पाया लागतो, पायास खड्डा लागतो, खड्ड्यास शेजाऱ्याची मर्जी लागते, आणि थंड विटेवर आतल्या दमट हवेचे पाणी सुटते, हे जावईबापूंचे आक्षेप आम्ही ऐकून घेतले. सच्छिद्र सिमेंटच्या हलक्या ठोकळ्यांचाही विचार झाला, परंतु ते मऊ असल्याने कोंबड्या चोचीने कोरतील अशी भीती निघाली. पन्हळी पत्र्याची भिंत उन्हात तवा आणि थंडीत बर्फ. थर्माकोलचे अस्तर लावावे, तर थर्माकोल हे कोंबड्यांचे विशेष आवडते खाद्य असून, त्यातून पोषण काडीचे नसताही त्या ते दाणे सोडून टिपतात, असे समजले. याबाबतीत मात्र त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार चकल्या खाणाऱ्या समाजास पोहोचत नाही. शेजारच्या एका पडक्या शेडवरील जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे कन्येला फुकट मिळत होते. परंतु जर्मनीने 1993 साली बंद केलेले अॅस्बेस्टॉस अशाच जुन्या पत्र्यांत दडलेले असते, ते पुन्हा वापरणे, कापणे आणि दुसऱ्याच्या गळ्यात घालणे हे तिन्ही कायद्याने वर्ज्य आहे, म्हणून ते जेथल्या तेथे राहिले.

मसलत याप्रमाणे चहाच्या तबकाभोवती फिरत राहिली असती. परंतु कुंपणापलीकडील वृद्ध गृहस्थांना आमच्या खलबतांचा सुगावा लागला. ते पक्षिपालक मंडळाचे जुने सभासद. जर्मनीत असे पहिले मंडळ 1852 साली गोर्लिट्झ येथे निघाले आणि त्याने स्वतःस कोंबडीशास्त्रीय मंडळ असे नाव धारण केले, तेव्हापासून हा विषय तेथे शास्त्राच्या गांभीर्याने चालतो. या गृहस्थांच्या कोंबड्या चांगल्या गुडघ्याएवढ्या उंच, पायांवर पिसांचे विजारवजा आवरण असलेल्या, आणि त्यांची जात ब्रह्मा. हे नाव कळताच सौभाग्यवतींच्या कपाळावर आठी उमटली. शांघायहून अमेरिकेस गेलेल्या कोंबड्यांस ब्रह्मपुत्रेचे नाव पडले आणि पुढे बोलण्याच्या सोयीसाठी त्यातील पुत्र गळला, असा खुलासा जावईबापूंनी केला, तेव्हा ती आठी निम्मी उतरली. "निदान पूजा तरी कोणी करीत नाही म्हणायची," असे म्हणून त्यांनी प्रकरण मिटविले. एरवी ब्रह्मदेवास देवळे फारशी नाहीतच. खुराडे मिळाले, एवढीच भर.

गृहस्थांनी जावईबापूंचा तक्ता सावकाश वाचला, चष्मा काढला, आणि त्यात एकच प्रश्न नसल्याचे सांगितले. भोक कोठे कोठे आहे?

मग त्यांनी जे सांगितले ते आम्ही शिरस्त्याप्रमाणे कलमवार टिपून घेतले. पहिला शत्रू मार्टेन, म्हणजे मुंगसाच्या बांध्याचा, झुपकेदार शेपटीचा एक निशाचर प्राणी. हा गावातच, लोकांच्या माळ्यांवर राहतो, आणि रात्री मोटारींच्या बॉनेटखाली शिरून रबरी नळ्या व तारा कुरतडतो. विमा कंपन्यांनी त्याच्या दातांसाठी पॉलिसीत वेगळे कलम ठेवले आहे. ज्या जिल्ह्याचे आराध्य दैवत मोटार, तेथे या नास्तिकाचा निवास असावा, हा दैवदुर्विलास. मोटारीत दात शिवशिवले नाहीत तर तो खुराड्याकडे वळतो, आणि एकदा आत शिरला की पंखांच्या फडफडाटाने बेभान होऊन एक कोंबडी खाण्यासाठी सगळ्या मारतो. त्याला शिरावयास पाच सेंटिमीटरांची फट पुरते. षट्कोनी जाळी, जी 1844 साली इंग्लंडातील नॉरिच येथे चार्ल्स बर्नार्डने कापडाच्या मागाच्या धर्तीवर विणून काढली, ती कोंबडीस आत ठेवते, परंतु त्याला बाहेर ठेवीत नाही; म्हणून वेल्डमेश जाळी हवी, आणि कोल्हा खालून उकरतो म्हणून ती जमिनीत हातभर पुरावयास हवी. दुसरा शत्रू तांबडी गोचीड, मोठ्यात मोठी मिलिमीटरभर. ती दिवसा फळीच्या सांध्यात दडते, रात्री निजलेल्या कोंबडीचे रक्त पिते, आणि रक्त न मिळाल्यास महिनोन्‌महिने उपाशी राहून पुढल्या कोंबडीची वाट पाहते. सांधे जितके कमी तितके तिचे बिऱ्हाड कमी. उरलेल्या सांध्यांत चुन्याची सफेदी भरावी. तिसरा शत्रू दमटपणा, आणि तो कोंबडीच्याच श्वासातून व विष्ठेतून निघतो. थंडीत तुरा काळा पडतो तो थंडीने तितका नव्हे, जितका या ओलीने. त्याला बाहेर जाण्यास मोकळी वाट हवी, पण ती दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवी, म्हणजे वारा अंगावरून जात नाही.

हे ऐकता ऐकता आमच्या ध्यानी आले, की ज्या भिंतीसाठी एवढे खलबत चालले होते ती भिंत या तिघांपैकी एकाच्याही हिशेबात नव्हती. मार्टेनला लार्च आणि स्प्रूस सारखेच. त्याला सांधा हवा. गोचिडीला विटेचे मोल नाही. तिला विटांमधील दर्ज हवी. ओलीला प्लायवूडचे विमानविषयक पूर्वचरित्र ठाऊक नाही. तिला झडप हवी. खुद्द सरकारसुद्धा बर्डफ्लूची साथ आली की पक्षी छपराखाली घेण्याचा हुकूम काढते आणि जाळीचे भोक 25 मिलिमीटरांहून मोठे नसावे असे बजावते. भिंत कशाची, हे विचारीत नाही. भिंतीचे साहित्य हा माणसांच्या हौसेचा भाग. जावईबापूंना स्वतःची थंडी, सौभाग्यवतींना राजापूर, नातवाला चिमणी आणि आम्हास खात्याची अब्रू त्या भिंतीत चिणावयाची होती. कोंबडीचा संबंध भिंतीशी नसून तिच्यातील रिकाम्या जागेशी आहे, आणि त्यातही काही रिकाम्या जागा असाव्यात, काही मुळीच नसाव्यात, एवढेच तिचे मागणे आहे.

पुढे काम झटपट झाले; झटपट म्हणजे शनिवारी, कारण रविवारी येथे हातोडा उचलणे हा सामाजिक अपराध आहे. बाहेरून लार्चच्या फळ्या, एकीच्या खाचेत दुसरीची जीभ बसणाऱ्या, आतून तेच गुळगुळीत तपकिरी प्लायवूड, चहाच्या तबकासह, कोपऱ्यांत चुना, वर, कोंबड्यांच्या तुऱ्यांहून वीतभर उंच, दोन समोरासमोरच्या झडपा आणि त्यांना वेल्डमेश, दाराला दुहेरी कडी, कारण मार्टेन साधी कडी उघडतो असे गृहस्थांचे म्हणणे. जोते आमच्या आग्रहाखातर विटांचे झाले. सौभाग्यवतींनी एका अंगाच्या फळीवर हाताने मातीचा पातळ लेप देऊन त्यावर चुन्याची चार बोटे ओढली. ती शोभेसाठी असून तांत्रिकदृष्ट्या निरुपयोगी आहेत, असे जावईबापूंनी तक्त्यात नमूद केले आणि लेप तसाच राहू दिला.

काम पुरे झाल्यावर गृहस्थ तपासणीस आले. त्यांनी लार्चची प्रत पाहिली नाही, फळ्यांच्या रेषा पाहिल्या नाहीत, जोत्याकडे तर ढुंकूनही पाहिले नाही. कोटाच्या खिशातून त्यांनी एक अंडे काढले, ब्रह्माचे, तपकिरी, आणि ते हातात धरून खुराड्याभोवती सावकाश फिरू लागले. जेथे जेथे उजेड दिसे तेथे तेथे ते अंडे लावून पाहत: छपराच्या वळचणीला, दाराच्या बिजागरीपाशी, नळीच्या भोकापाशी. जेथून अंडे जाईल तेथून मार्टेन जाईल, असा त्यांचा हिशेब. वळचणीच्या एका कोपऱ्यात अंडे निम्मे आत गेले. त्यांनी काही न बोलता ते बाहेर काढले, जावईबापूंकडे पाहिले, आणि जावईबापूंनी तेथे जाळीचा तुकडा ठोकेपर्यंत ते तसेच अंडे धरून उभे राहिले. नंतर ते अंडे त्यांनी सौभाग्यवतींच्या हाती दिले. आमच्या तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही पुष्कळ कार्यकारी अभियंते इमारतींची तपासणी करताना पाहिले. परंतु तपासणीचे हत्यार तपासणी झाल्यावर कंत्राटदारास भेट देऊन जाणारा अधिकारी आमच्या पाहण्यात नाही, उलटा व्यवहार मात्र पाहण्यात आहे.

या अनुभवावरून आमच्या जुन्या खात्याकडे एक नम्र दरखास्त करावीशी वाटते. खात्याच्या दरसूचीत विटेला दर आहे, चुन्याला आहे, वाळूला आहे, आणि दर्जा भरण्याला, म्हणजे फट बुजविण्यालाही चौरस मीटरवारी दर आहे. परंतु योग्य त्या जागी, योग्य त्या उंचीवर, योग्य त्या मापाची फट विचारपूर्वक ठेवण्याला दर नाही. त्यामुळे ती ठेवण्यास कोणी कंत्राटदार तयार होत नाही, आणि अयोग्य जागी ज्या पडतात त्या फुकट पडत असल्यामुळे सढळ हाताने पडतात. पुढील आवृत्तीत एवढे एक कलम घालावे, मापासाठी कोंबडीचे अंडे प्रमाण धरावे, आणि ते अंडे कोणाच्या खर्ची टाकावे याचा निर्णय होईपर्यंत प्रकरण तहकूब ठेवू नये, इतकीच विनंती.